बोनेट अडकलंय? मग तो फिरणारा मेसेज आधी डिलीट करा

"बोनेट उघडत नाही, नीट बसत नाही? गॅरेजला पैसे घालवू नका" असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय, आमच्या घरच्या ग्रुपवरच तीनदा आला. त्यात चार उपाय दिलेत: आतला लिव्हर जोरात ओढा, स्प्रे मारा की कायमचं काम झालं, एक कोपरा वर राहत असेल तर त्यावर वजन टाकून दाबा, आणि तरीही नाही बसलं तर सेफ्टी कॅच (मुख्य लॉकशिवाय बोनेट अडवणारा दुसरा हूक) आहेच, बिनधास्त चालवा. पहिल्या तीनने फार तर गाडीचं नुकसान होईल, पण चौथ्याने माणूस जाऊ शकतो म्हणून हे लिहितोय.

आधी लिव्हरचं बघू. लिव्हरपासून लॉकपर्यंत सायकलच्या ब्रेकला असते तशी केबल असते. बोनेट अडकतं तेव्हा बऱ्याचदा ही केबल ठीक असते, होतं काय की खालचे रबर स्टॉपर आणि स्प्रिंग बोनेटला सतत वर ढकलत असतात, त्यामुळे बोनेटचा हूक लॉकच्या खटक्यात घट्ट आवळून बसतो, आणि खटक्यात गंज किंवा चिखल असेल तर तो सरकतच नाही. अशात लिव्हरला हिसका दिला की खटका राहतो तिथेच आणि लिव्हर तुटतो नाहीतर तार. माझ्या मामाची गाडी चिपळूणला पावसाळाभर अंगणात उभी होती, गणपतीला गेलो तेव्हा मामाने लिव्हर ओढला तो हातातच आला. मग मी पकडीने तारेचं टोक हळू ओढून धरलं आणि म्हटलं मामा, तुम्ही पुढून बरोबर लॉकच्या वर दोन्ही तळहातांनी बोनेट खाली दाबा आणि सोडा. तिसऱ्यांदा टक् झालं. उघडायला वर ओढायचं नाही, खाली दाबायचं, म्हणजे हुकावरचा ताण जातो आणि खटका सुटतो. एकाने लिव्हर धरायचा, दुसऱ्याने दाबायचं, बस.

स्प्रे मीपण वापरतो, डब्ल्यूडी-४० चांगलंच आहे, पण ते ग्रीस नाही. पाणी हटवतं, गंज सैल करतं, आणि मग त्याचा पातळ थर काही टिकत नाही, खाऱ्या हवेत तर नाहीच. स्प्रे मारून जुन्या टूथब्रशने घाण काढा, फडक्याने पुसा आणि त्यावर पांढरं लिथियम ग्रीस लावा, लॉकला, हुकाला आणि सेफ्टी कॅच जिथे फिरतो तिथे.

कोपऱ्यावर वजन टाकायचा उपाय वाचून मात्र खरंच राग आला. बोनेटचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षा पातळ असतो, त्यावर गुडघा टेकलात तर पोचा पडणार आणि आतली फ्रेमही वाकू शकते, मग डेंटिंग-पेंटिंगचा खर्च वेगळाच. कोपरा वर राहतो त्याला कारण असतं आणि अ‍ॅडजस्टमेंट कंपनीनेच दिलेली असते. बिजागरीच्या बोल्टांची भोकं मुद्दाम मोठी ठेवतात, बोल्ट जरा सैल केले की बोनेट पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकतं. सैल करायच्या आधी बिजागरीभोवती मार्करने रेघ मारून ठेवा, नाहीतर मूळ जागा परत सापडत नाही. क्रम महत्त्वाचा आहे, आधी बिजागऱ्या, दोन्ही फेंडरकडची (पुढच्या चाकांवरच्या बाजूच्या पत्र्यांकडची) फट सारखी होईपर्यंत, मग लॉक हुकाच्या बरोबर खाली आणायचं, आणि शेवटी पुढचे रबर स्टॉपर, बऱ्याच गाड्यांत ते आट्यांचे असतात, अर्धा-अर्धा फेरा फिरवून उंची जुळवायची. लॉक तात्पुरतं काढून बोनेट हळूच टेकवून बघितलं तर दोष बिजागरीचा की लॉकचा ते लगेच कळतं. गाडी ठोकली गेली असेल आणि लॉक बसवलेली पुढची पट्टीच वाकली असेल तर घरी वेळ घालवू नका, ते डेंटरचं काम आहे.

आता सेफ्टी कॅच. तो मुख्य लॉक सुटलं तर बोनेट उडू नये म्हणून आहे, त्याच्या भरवशावर गाडी चालवायला नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो, म्हणजे ४० ला जेवढा त्याच्या चौपट ८० ला, आणि बोनेट उलटून काचेवर आलं की समोरचं काहीच दिसत नाही. कॅचही गंजतो, अडकतो. अमेरिकेत निसान अल्टिमाच्या २०१३ ते २०१८ च्या गाड्या नेमक्या याच कॅचसाठी पुन्हा पुन्हा परत बोलवाव्या लागल्या, २०२० मध्ये तर १८ लाखांच्या वर. लॉक लागतच नसेल तर टो करून न्या. चालवताना बोनेट उडालंच तर करकचून ब्रेक मारू नका, हॅझर्ड लावा, खालच्या फटीतून किंवा बाजूच्या खिडकीतून बघत हळूहळू डावीकडे घ्या.

आणि दुरुस्ती झाल्यावर एवढं तपासा: लिव्हर ओढल्यावर बोनेट थोडंसंच वर येऊन थांबलं पाहिजे, आणि कॅचला हात न लावता वर उचलून बघितलं तर उघडता कामा नये. उघडलं, तर काम अजून झालेलं नाही.