‘लग्न करून टाका, बरं वाटेल’: एका आईच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार. त्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही चिडून लिहिलंत. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात मांडते. मुलीला चोविसाव्या वर्षी हे निदान झालंय, घरात स्थळं बघणं सुरू आहे, आणि मी ‘या आजारातल्या ३० ते ५० टक्के बायकांना मूल होण्यात अडचण येते’ असं लिहून मोकळी झाले. शंभर वर्षं संशोधन चाललंय तरी मुळापासून बरं करणारं औषध नाही, मग माकडांवरचे प्रयोग आम्हाला कशाला सांगता, असं तुम्ही विचारता. मी अनुवंशिकतेचा उल्लेख केला, आता कोणीही ‘आईकडून आलं’ म्हणेल, ही तुमची तक्रार. आणि सगळ्यात मोठा राग याचा, की तुमच्या डॉक्टरांनी ‘लग्न करून टाका, एक मूल झालं की बरं वाटेल’ असं सांगितलं, तुमच्या जाऊबाईंना तसं बरं वाटलंही, आणि मी मात्र त्या सल्ल्याला आधार नाही म्हणते.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे त्यालाच येऊन मिळतात.

हा सल्ला आपल्या आज्या-पणज्यांचा वाटतो, पण वैद्यकात त्याला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत बोस्टनचे स्त्रीरोगतज्ज्ञ जो मीग्ज आघाडीवर होते. सुखवस्तू घरच्या बायका उशिरा लग्न करतात, मुलं लांबणीवर टाकतात, म्हणून त्यांना हा आजार होतो, असं त्यांनी १९४० च्या दशकात मांडलं. उपाय काय, तर लवकर लग्न आणि लवकर मुलं. पुरावा काय, तर त्यांच्या खाजगी रुग्णांत हा आजार जास्त सापडायचा आणि धर्मादाय वॉर्डातल्या गरीब बायकांत कमी. पण गरीब बाईच्या पोटदुखीचं कारण शोधायला तेव्हा कोण एवढं खोलात जात होतं? पुढे १९७६ मध्ये डोनाल्ड चॅटमन या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांकडे नीट लक्ष दिलं, तेव्हा ‘ओटीपोटात जंतुसंसर्ग’ असा शिक्का बसलेल्या अनेक जणींना प्रत्यक्षात एंडोमेट्रिओसिस असल्याचं दिसलं. म्हणजे ज्या निरीक्षणावर हा सल्ला उभा होता, तेच अर्धवट होतं. सल्ला मात्र टिकला, आणि तुमच्या डॉक्टरांच्या केबिनपर्यंत पोचला.

जाऊबाईंना बरं वाटलं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. गरोदरपणात पाळी बंद असते, प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं संप्रेरक भरपूर असतं, नंतर अंगावर पाजताना बऱ्याच जणींची पाळी काही महिने येत नाही. त्या काळात दुखणं कमी होणं स्वाभाविक आहे. पण सगळ्याच जणींना तसा आराम पडत नाही, आणि पाळी परतल्यावर अनेकींचं दुखणंही परततं. म्हणून युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगितलंय, की केवळ या आजारावरचा उपाय म्हणून कुणालाही गरोदर राहण्याचा सल्ला देऊ नये. मूल हवं म्हणून व्हावं, पोटदुखीचं औषध म्हणून नव्हे, एवढंच मी लेखात म्हटलं होतं.

आता माकडं. १९२७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी गावच्या जॉन सॅम्पसन यांनी सुचवलं, की पाळीचं थोडं रक्त बीजनलिकांतून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी तिथे रुजतात. पटण्यासारखं आहे. पण १९८४ च्या एका अभ्यासात नलिका मोकळ्या असलेल्या सुमारे ९० टक्के बायकांच्या पोटात पाळीच्या दिवसांत असं रक्त सापडलं, आणि आजार मात्र साधारण दहातल्या एकीला होतो. मग बाकीच्या सुटतात कशा? हा प्रश्न उंदरांवर सोडवणं अवघड, कारण प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदरांना पाळीच येत नाही. बबून माकडिणींना येते, आणि त्यांना हा आजार आपोआपही होतो.

शिकागोत अस्गी फझलेबास यांच्या गटाने निरोगी बबून माद्यांच्या पोटात त्यांच्याच पाळीतल्या पेशी सोडल्या. पोटात गाठी धरल्याच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे काही महिन्यांनी त्यांच्या गर्भाशयाच्या आतलं अस्तरही बदललेलं आढळलं. गर्भ रुजण्याच्या वेळी जागं व्हायला हवं असं होक्स-ए-१० नावाचं एक जनुक तिथे मंदावलं होतं. आधी गर्भाशय निरोगी होतं, आजार बाहेर लावला, आणि बिघाड आत उमटला. माणसावर असा प्रयोग करता येणार नाही. त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे दाखवणारा इतका थेट पुरावा दुसरीकडून मिळणं कठीणच होतं. मला तरी हा या विषयातला सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो.

शिकागोतल्याच सेर्दार बुलुन यांनी गाठींच्या आतलं रसायनशास्त्र उलगडलं. निरोगी अस्तर स्वतः इस्ट्रोजेन जवळपास बनवत नाही. या गाठी बनवतात, कारण त्यांच्यात अरोमाटेज नावाचं विकर (एन्झाइम) काम करत असतं. इस्ट्रोजेनमुळे प्रोस्टाग्लँडिन वाढतं, ते दुखणं आणि सूज आणतं, आणि वर पुन्हा अरोमाटेजला चालना देतं. चक्र सुरूच. शिवाय या पेशींमध्ये प्रोजेस्टेरॉनचा निरोप ऐकणारे ग्राहक-रेणू कमी झालेले असतात. काही मुलींना प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या लागू पडतात आणि काहींना अजिबात नाही, यामागचं एक मोठं कारण इथे आहे. तुमच्या मुलीला पहिल्या गोळीने फरक पडला नाही आणि ‘तिला सहनच होत नाही, नाजूक आहे’ असं कुणी म्हटलं, असं तुम्ही लिहिलंय. नाजूकपणाचा काही संबंध नाही. पेशी ऐकत नाहीत.

तुम्हाला टोचलेल्या आकड्याबद्दल आता. ३० ते ५० टक्के हा आकडा मुख्यतः दवाखान्यापर्यंत पोचलेल्या बायकांवरून आलेला आहे. ज्यांना त्रास नाही, मुलं सहज झाली, त्यांचं निदान बहुधा होतच नाही. आणि ‘अडचण’ म्हणजे ‘अशक्य’ नव्हे. एरवी निरोगी जोडप्याला एखाद्या महिन्यात दिवस राहण्याची शक्यता १५ ते २० टक्के धरतात. या आजारात उपचाराविना ती २ ते १० टक्के सांगितली जाते. याचा अर्थ बहुतेकींसाठी दार बंद नसतं, वेळ जास्त लागतो. कॅनडात १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सौम्य आजार असलेल्या, मूल होत नसलेल्या ३४१ बायका होत्या. दुर्बिणीतून गाठी काढलेल्यांपैकी ३०.७ टक्के जणींना ३६ आठवड्यांत दिवस राहून गर्भ वीस आठवड्यांपुढे गेला. नुसती तपासणी करून सोडलेल्यांमध्ये हेच प्रमाण १७.७ टक्के होतं. दोन वर्षांनी आलेल्या एका छोट्या इटालियन चाचणीत असा फायदा दिसला नाही, म्हणून मी यावर उड्या मारत नाही. पण काहीही न केलेल्यांपैकीसुद्धा सहातल्या एकीची गर्भधारणा त्या अवधीत पुढे गेली, हे बघा.

ही अडचण एका वाटेने येत नाही. कुणाच्या नलिका आणि अंडाशय चिकटून जातात, मग बीज नलिकेत पोचत नाही. कुणाच्या पोटातल्या द्रवात दाहक रसायनं वाढतात आणि ती बीजाला, शुक्रजंतूंना मानवत नाहीत. कुणाच्या अंडाशयात चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, होऊन बीजांचा साठाच घटतो. आणि कुणाचं अस्तर बबूनसारखं बिघडतं. बीज मोठं गुन्हेगार की अस्तर, यावर तर खरीखुरी भांडणं आहेत. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात १९९४ मध्ये दिसलं, की एंडोमेट्रिओसिस असलेल्या दात्रीची बीजं दुसऱ्या स्त्रीला दिली तर गर्भ कमी वेळा रुजतो. पुढच्या अभ्यासात उलट बाजू तपासली: निरोगी दात्रीची बीजं तीव्र आजार असलेल्या स्त्रीला दिली, तर गर्भ इतरांइतकाच रुजला. मग बीजच दोषी? इतकं सरळ नाही, कारण अशा उपचारात अस्तर बाहेरून संप्रेरकं देऊन तयार करतात, त्यात त्याचा दोष झाकला जाऊ शकतो. माझा कल दोन्हीकडे थोडा थोडा, बीजाकडे जरा जास्त.

‘आईकडून आलं’ हा आरोप तर विज्ञानाच्या नावावर कुणी करूच नये. जुळ्यांच्या अभ्यासांवरून अनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा दिसतो, हे खरं. पण २०२३ मध्ये साठ हजारांवर रुग्ण आणि सात लाख इतर स्त्रियांची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा गुणसूत्रांवर एक नव्हे, ४२ जागा सापडल्या. प्रत्येकीचा परिणाम अगदी थोडा. त्यातल्या काही अर्धशिशीसारख्या दुखण्यांशीही जोडलेल्या. या जागा वडिलांकडूनही येतात, फक्त वडिलांना पाळी येत नाही म्हणून दिसत नाहीत. पुढच्या वेळी कुणी बोललं तर हे सांगा. त्या अभ्यासातले बहुतेक रुग्ण युरोपीय वंशाचे होते, आणि म्हणूनच आपल्याकडच्या स्त्रियांची माहिती गोळा करायचं काम मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्थेने हाती घेतलंय.

औषध नाही, हा तुमचा संताप मात्र मला मान्य आहे. दुखणं कमी करणारी औषधं आहेत, मुळावर घाव घालणारं नाही. आणि दुखण्यावरच्या या संप्रेरक-गोळ्या पुढे मूल होण्याची शक्यता वाढवत नाहीत. त्या चालू असताना बहुधा बीज सुटतच नाही, आणि आधी घेतल्याने नंतर फायदा होतो असंही दिसलेलं नाही. कुणी ‘सहा महिने गोळ्या घ्या, मग मूल लवकर होईल’ म्हटलं तर कशाच्या आधारावर, ते विचारा.

स्थळांना काय सांगायचं, हे तुम्ही मला विचारलंत. ते तुमच्या मुलीला ठरवू द्या. अहवाल तिचे आहेत.

एक गोष्ट मात्र घाईची आहे. तिच्या डाव्या अंडाशयात सिस्ट आहे आणि दिवाळीनंतर ऑपरेशनची तारीख घेतोय, असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. सिस्टची भिंत सोलून काढताना तिला चिकटलेली चांगली बीजंही जातात, साठा कमी होतो. म्हणून तारीख पक्की करण्याआधी एएमएचची, म्हणजे बीजांचा साठा दाखवणाऱ्या संप्रेरकाची, रक्ततपासणी करून घ्या. आकडा कमी आला तरी घाबरू नका. त्यावरून साठा कळतो, दिवस राहतील की नाही ते कळत नाही. सिस्ट किती सेंटिमीटरची आहे, दुखणं गोळ्यांनी आटोक्यात येत नाही का, दुसरं अंडाशय कसं आहे, आणि बीजं गोठवून ठेवायचा विचार आधी करावा का, हे चार प्रश्न मुलीने स्वतः विचारावेत. उत्तरं समाधानकारक वाटली नाहीत तर दुसऱ्या तज्ज्ञाकडे जा, सोनोग्राफीच्या फिल्म बरोबर घेऊन.