‘कामावर घेण्याआधी मनगट बघा’ या मेसेजला उत्तर

इंदूरच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. पिथमपूर आणि सांवेर रोडच्या कारखानदारांसाठी त्यात पाच गोष्टी सांगितल्या आहेत: हातावर कापल्याचे व्रण असलेला माणूस सहकाऱ्यांना धोकादायक असतो. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा आहे, म्हणून पोलिसांना कळवा. ‘पुन्हा असं करणार नाही’ असं लिहून घ्या. पूर्ण बाही सक्तीची करा. आणि अशांना ठेवलं तर बाकीचेही तेच शिकतात. आमच्या घरातल्या एका मुलीला हा मेसेज मुलाखतीच्या आदल्या दिवशी मिळाला. आता गप्प बसणं शक्य नाही.

पोलिसांचं आधी. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, हे खरं. पण मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम ११५ म्हणतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरायचं आणि तिच्यावर खटला चालवायचा नाही. तिच्या उपचारांची आणि पुनर्वसनाची जबाबदारी सरकारची. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर ३०९ घेतलेलंच नाही. तिच्यातलं कलम २२६ सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं आहे. जुने व्रण दिसले म्हणून मालकाने ठाण्यात जावं असं कोणताही कायदा सांगत नाही. शिवाय स्वतःला इजा करून घेणाऱ्या अनेकांचा हेतू मरण्याचा नसतोच. ती असह्य घालमेल असते. आणि व्रण भाजल्याचा आहे, काचेचा की अपघाताचा, हे टेबलापलीकडून बघून कोणाला कळणार?

लिहून घेण्याची सूचना मला सगळ्यात घातक वाटते, कारण ती शिस्तीसारखी दिसते. असा कागद कोणालाही बरं करत नाही. लपवलं तरच नोकरी टिकेल, एवढंच त्यातून कळतं. पुढे त्रास वाढला तर तो माणूस रजा मागत नाही, डॉक्टरकडे जात नाही, उघडकीला येईपर्यंत उशीर झालेला असतो. वरच्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाचंच कलम ३ सांगतं की पूर्वी मानसिक उपचार घेतले, एवढ्यावरून आज आजार आहे असं ठरवता येत नाही. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत विचारायचं ते कामापुरतं: उंचीवर चढता येतं का, रात्रपाळी झेपेल का, रंग ओळखता येतात का. कंपनीकडे येणाऱ्या प्रमाणपत्रावर ‘फिट’, ‘अमुक मर्यादेसह फिट’ किंवा ‘अनफिट’ एवढंच पुरे. निदान डॉक्टरकडे राहू द्या.

पूर्ण बाहीची सक्ती करणाऱ्याने लेथ किंवा ड्रिल मशीन जवळून पाहिलेलं नाही. फिरत्या भागात सैल बाही अडकली की हात आत ओढला जातो. तिथे अंगाला घट्ट बसणारे कपडेच हवेत. नमकीन किंवा फरसाणाच्या पॅकिंगमध्ये काळजी उघड्या जखमेची घ्यायची असते. पूर्ण भरलेल्या व्रणामुळे अन्नाला काही होत नाही. गणवेशाचा नियम सगळ्यांना सारखा ठेवा. कोणाला स्वतःहून हात झाकायचे असतील तर झाकू द्या, आणि नसतील तर कारण विचारू नका.

सहकाऱ्यांना धोका? ज्याचा राग स्वतःवर निघाला, तो दुसऱ्यावर हात उचलेल असं व्रणावरून ठरत नाही. एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते: पूर्वी स्वतःला इजा केलेल्यांमध्ये पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. पण मग त्याची नोकरी, पगार आणि रोजची माणसं काढून घेणं हा उपाय कसा? बाकीचे शिकतात म्हणणाऱ्यांनी शाळकरी मुलं एकमेकांचं पाहून तसं करतील ही काळजी उचलून कारखान्यातल्या मोठ्या माणसांच्या जुन्या व्रणांना चिकटवली आहे.

खासगी नोकरीत कायद्याचं संरक्षण सरकारी नोकरीइतकं पक्कं नाही, हेही खरं. त्यामुळे बरंचसं सुपरवायझरच्या वागण्यावर अवलंबून राहतं.

ताजी जखम दिसली तर आधी प्रथमोपचार. रक्त थांबत नसेल किंवा जखम खोल असेल तर थेट इंदूरचं सरकारी एमवाय हॉस्पिटल किंवा जवळचं कॅज्युअल्टी. मग एकट्याला बाजूला घ्या, दार लोटा, ‘तू ठीक दिसत नाहीस, काही बोलायचं आहे का?’ एवढं विचारा. ‘दाखव’ म्हणू नका, ‘का केलंस’ म्हणू नका, शॉप फ्लोअरवर चर्चा नको. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर एकटं सोडू नका, तिथूनच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा. तो चोवीस तास आणि मोफत आहे. तातडीचा धोका वाटला तर ११२. घरी कोणाला कळवायचं ते त्याच माणसाला विचारा; नेमका ताण घरातलाच असू शकतो.