हमारी गली सीरीज में है क्या?

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. इथे इंदुरातल्याच एका शाळेत ‘व्हर्च्युअल लॅब’चं उद्घाटन होतं. फीत, हार, भाषणं, पोहे-जलेबी, सगळं यथासांग. डोळ्यांवर चढवायचे हेडसेट आठ. पोरांना दोन-दोन मिनिटं डायनासोर दाखवला, फोटो काढले आणि कपाटाला कुलूप!

रांगेत आमच्या पोळ्यांच्या बाईंची मुलगी होती. आठवीत आहे. संध्याकाळी आई पोळ्या लाटते तेवढा वेळ ती माझ्या जुन्या टॅबवर ‘फेट’चं सर्किट किट खेळते, म्हणजे पडद्यावरच बॅटरी, बल्ब, तारा जोडायच्या. कोलोरॅडो विद्यापीठाचं आहे, फुकट, एकदा उतरवून घेतलं की नेटही लागत नाही. पहिल्याच दिवशी तिने तीनदा बॅटरी पेटवली. पडद्यावर ज्वाळा, आणि पोर खूश. खरी जाळली असती तर आम्हीच मास्तरणी ओरडलो असतो.

मग एकदा विचारते, “आंटी, सामनेवाले मोटर चलाते हैं तो हमारा बल्ब धीमा हो जाता है. हमारी गली सीरीज में है क्या?”

मी “नाही गं, पॅरलल, प्रत्येक घराला वेगळी वाट” म्हणून मोकळी झाले. तिला पटलं नाही. खुडबुड करत तिने तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढवायची पट्टी शोधली, दुसरा बल्ब जोडला, पहिला मंदावला. घरं पॅरललच, पण खांबावरून येणारी तार सगळ्यांच्या वाटेत सिरीजमध्ये, म्हणजे एकाच ओळीत. मोटरने करंट ओढला की व्होल्टेज तारेतच खर्ची पडतं. मी समजावलं नंतर, तिला सापडलं आधी.

हिला डायनासोर दाखवता भिया?

खरी तार सोलताना बोटाला टोचते ती मजा पडद्यावर नाही, बरं, मान्य. पण खरी लॅब तरी कुठे उघडी असते! एनएमएमएसची सरकारी शिष्यवृत्ती परीक्षा निघाली तर नववीपासून वर्षाला १२,००० मिळतील. मिळोत. पण तारेबद्दल विचारायचं कुणाला?

खरं तर मीही काय मोठं करते? पोळ्या संपल्या की टॅब परत घेतेच ना.

उद्घाटनाहून परत येताना रिक्षात पोर म्हणाली, “डायनासोर अच्छा था आंटी, पर उसमें कुछ जोड़ने को नहीं था.”

आज टॅब तिच्याबरोबरच पाठवला. चार्जर राहिला माझ्याकडे, उद्या बाईंच्या हाती देईन. कुणाकडे जुना, चालू टॅब पडून असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. तिच्या वर्गात अजून दोघी आहेत म्हणे.