थिनरवर गूळ-फुटाण्याचा उतारा? आवरा आता

माझा भाचा फर्निचर पॉलिशची कामं करतो. मेलामाईन, पीयू, एनसी लॅकर, हाताला येईल ते. त्याच्या ठेकेदाराने पाठवलेला एक मेसेज ताईने मला ढकलला आणि खाली विचारलं, "रोज किती गूळ द्यायचा रे याला?" एरवी असले मेसेज मी वाचतही नाही, पण हा आता घरात शिरलाय.

'थिनरला घाबरू नका, जुन्या कारागिरांचे पाच उपाय' असं त्याचं नाव. थिनर म्हणजे हे पॉलिश पातळ करायचं द्रावण. उपाय असे: काम संपलं की गूळ-फुटाणे खा, छाती साफ होते. तोंडाला ओला रुमाल बांधा. वास येईनासा झाला म्हणजे शरीराला सवय झाली. हात थिनरनेच धुवा, तो उडून जातो, अंगात मुरत नाही. आणि चुकून पोटात गेलाच, तर मीठपाणी पाजून उलटी काढा.

पाचव्यापासूनच सुरुवात करतो, कारण त्याने माणूस जाईल. थिनर पाण्यापेक्षा पातळ असतो. तो गिळताना ठसका लागला की थोडासा श्वासनलिकेत उतरतो, फुप्फुसात पसरतो आणि तिथे न्यूमोनियासारखी सूज आणतो. पोटात गेलेल्या घोटापेक्षा फुप्फुसात उतरलेले थोडे थेंब जास्त वाईट. उलटी करवणं म्हणजे तोच थिनर घशातून पुन्हा एकदा वर आणणं, तेही माणूस गुंगीत असताना. वर मीठपाणी! लहान मुलाच्या रक्तात मीठ एकदम वाढलं तर झटके येतात, मेंदू आकसून त्यात रक्तस्रावही होऊ शकतो. म्हणजे थिनरमधून वाचलेलं पोर मिठाने जायचं. दूधही पाजू नका. तोंड पुसा, सांडलेले कपडे काढा, बसतं ठेवा, १०८ला फोन करा आणि तो डबा किंवा बाटली दवाखान्यात सोबत न्या. मूल खेळायला लागलं तरी न्या. खोकला आणि धाप काही तासांनीही सुरू होते.

आणि थिनर पितो कोण, असं विचाराल तर जरा गाळ्यात डोकावून बघा. सुटा आणलेला थिनर पाण्याच्या लिटरच्या बाटलीत भरलेला असतो. लेबल तेच, झाकण तेच, दिसायलाही पाण्यासारखाच. ती बाटली प्लायच्या थप्पीवर, जेवणाच्या डब्याशेजारी. मेसेज लिहिणाऱ्या अनुभवी कारागिराला पाचवा उपाय सुचण्याआधी ही बाटली दिसायला हवी होती. शिवाय सुट्या थिनरमध्ये काय मिसळलंय ते विकणाराही सांगत नाही. टोल्युइन नावाचं द्रावक बहुतेक वेळा असतंच, सोबत ॲसिटेट, कीटोन, कधी मेथॅनॉलसुद्धा. मेथॅनॉल पोटात गेलं तर दृष्टी दुसऱ्या दिवशीही जाऊ शकते.

आता ताईचा गूळ. इथे मला थोडं नमतं घ्यावं लागतं, कारण गुळाची गोष्ट अगदीच हवेतली नाही. लखनौच्या इंडस्ट्रियल टॉक्सिकॉलॉजी रिसर्च सेंटरच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केला होता. तो १९९४मध्ये 'एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ पर्स्पेक्टिव्ह्ज'मध्ये छापून आला. गूळ दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसातून कोळशाची आणि सिलिकाची धूळ बाहेर पडायला मदत झाल्याचं त्यांना दिसलं. ठीक. पण नीट वाचा: उंदीर, आणि धूळ. थिनरची वाफ म्हणजे धूळ नव्हे. ती फुप्फुसात साचून बसत नाही, काही मिनिटांत रक्तात उतरते आणि मेंदूपर्यंत पोहोचते. छाती साफ करून काय करणार, माल कधीच पुढे गेलाय! संध्याकाळचं डोकं धरणं, मळमळ, चिडचिड हे तिथलं काम. वर्षानुवर्षं भरपूर वाफ घेतलेल्या रंगाऱ्यांमध्ये स्मरणशक्तीचे त्रास दिसले आहेत, आणि कॉम्प्रेसरच्या आवाजासोबत टोल्युइन कानांनाही बाधतं. गूळ खाऊ दे त्याला, पण त्या भरवशावर स्प्रे गन हातात देऊ नका.

ओल्या रुमालाचं थोडक्यात: टोल्युइन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, ओला रुमाल त्याला काय अडवणार? एन-९५सुद्धा रंगाचा तुषार अडवतो, वाफ नाही. सेंद्रिय वाफेसाठीचं कार्बनचं कार्ट्रिज असलेला रबरी मास्कच लागतो, दाढी असेल तर तोही चेहऱ्याला नीट बसत नाही. काम झालं की कार्ट्रिज हवाबंद पिशवीत ठेवायचं. उघडं टांगलं तर ते रात्रभर गाळ्यातलीच वाफ शोषत बसतं. पीयू पॉलिश कडक करायला मिसळतात त्या हार्डनरमधल्या आयसोसायनेट या रसायनाने होणारा दमा हा वेगळाच विषय, तिथे वासाचा इशाराही मिळत नाही.

वास येईनासा होतो तो नाक थकल्यामुळे. हवेतला थिनर होता तेवढाच असतो.

हात धुण्याबद्दल: थिनर उडतो हे खरं, पण उडण्याआधी कातडीतलं तेल काढून नेतो आणि थोडा आतही शिरतो. भाच्याच्या बोटांच्या पेरांवर पांढऱ्या भेगा आहेत, हिवाळ्यात त्यातून रक्त येतं. खाण्याचं तेल चोळून मग साबण, एवढं पुरतं. ते पातळ निळे ग्लोव्हजही टोल्युइनपुढे काही मिनिटांतच हार मानतात.

एवढ्या शहाण्या मेसेजमध्ये आगीबद्दल मात्र अवाक्षर नाही. टोल्युइनची वाफ ४ अंश सेल्सियसलाच पेट घेण्याइतकी जमते, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने. ती हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकते. म्हणून एक्झॉस्ट छताजवळ नको, खाली हवा, आणि त्याची मोटर ठिणगी न पडणारी. स्प्रे चालू असताना कोपऱ्यातल्या तसबिरीपुढची उदबत्तीही नको, हे ठेकेदाराला मीच सांगणार आहे.