गिअर उतरूक व्हयो म्हणे!

जुन्या ट्रॉलरच्या गिअरबॉक्समधून आवाज येतोय, एवढं मालवणच्या बंदरावर नुसतं पुटपुटून बघा. पाच मिनिटांत माणसं गोळा होतात आणि सगळ्यांचं निदान एकच: "दादानू, गिअर गेलो. उतरूक व्हयो." म्हणजे आख्खा गिअरबॉक्स सोडवून बाहेर काढायला हवा. अरे, उतरूक व्हयो काय? आवाज कधी येतो ते तरी विचारलंस? न्यूट्रलला येतो की फॉरवर्डला? रिव्हर्स टाकल्यावर थांबतो का? इंजिन थंड असताना येतो की तेल तापल्यावर? कोणी म्हणून विचारत नाही. बर्फाची गाडी घेऊन येणारा पोरगासुद्धा छातीठोकपणे सांगतो की बेअरिंग गेलंय. त्याला कोणतं बेअरिंग म्हणून विचारलं, तर म्हणाला, "आतलां." धन्य!

दोन आवाज होते. दोन वेगवेगळे, हे मी पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत होतो. एक आवाज इंजिन मंद चालू असताना, गिअर न्यूट्रलला असताना यायचा. डब्यात खिळे घालून हलवावेत तशी खडखड. अ‍ॅक्सिलरेटर थोडा वाढवला की गायब. दुसरा अगदी निराळा. फॉरवर्डला, जाळं ओढताना, खालून येणारी घरघर, पायाखालच्या फळीला जाणवायची. रिव्हर्सला तीच घरघर हलकी. आता ज्याने हत्यार हातात धरलंय त्याला एवढ्यावरून निम्मं तरी कळायला हवं की नको? पण मिस्त्रीने काय केलं? मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सांगितलं. सहा सिलिंडरचं इंजिन धडधडतंय, फोनचा माइक तो सगळा गोंधळ एका पातळीवर दाबून टाकतो, खालच्या सुरातली घरघर तर त्यात उतरतच नाही. तेवढं ऐकून पलीकडून उत्तर: "क्लचप्लेटी." स्वतः येऊन इंजिनवर कान नाही ठेवला बाबाने.

पूर्वीचे मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचे. टोक गिअरबॉक्सच्या अंगावर, मूठ कानाला. आधी इंजिनकडच्या बाजूला, मग शाफ्टकडच्या, म्हणजे बोटीचा पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या बाजूला, मग तो दांडा बोटीबाहेर पडतो त्या ग्लँडपाशी. कुठे आवाज मोठा होतो ते मुकाट्याने ऐकायचे आणि मगच तोंड उघडायचे. आता पान्याआधी तोंडच चालतं.

बरं, हे सगळं कधी? 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद. 61 दिवस बोट पाण्याबाहेर, शाकारलेली, निवांत. तेव्हा या मिस्त्रीला फोन केला की "उद्या येतंय." त्याचा उद्या जूनमध्येही उजाडला नाही आणि जुलैमध्येही नाही. आला केव्हा, तर बोट पाण्यात ढकलायच्या तोंडावर, जेव्हा सर्जेकोटपासून देवबागपर्यंत प्रत्येकाला तोच हवा असतो. मग घाई. मग "आदी खोलून बघूया." आणि खोलला!

खोलला म्हणजे काय ते ज्याला माहीत नाही त्याने ऐकावं. गिअरबॉक्सला शाफ्ट जोडणारी कपलिंग सोडायची, तेलाचे नळ सोडायचे, कूलर सोडायचा, दोन माणसांना नीट बसताही येत नाही अशा जागेत चेन-ब्लॉक टांगून ते धूड वर काढायचं. क्लचप्लेटी काढल्या. चांगल्या होत्या. मी हातात घेऊन बघितल्या, खाचा शाबूत, कुठे जळल्याचा निळा डाग नाही. प्रेशर गेजही तेल तापल्यावर पडत नव्हतं, म्हणजे क्लच घसरत नव्हता, हे मी आधीच सांगितलं होतं. तळाच्या तेलात बोट घातलं तर तेल स्वच्छ. दुधाळ झालं असतं तर कूलरमधून खारं पाणी शिरतंय म्हणता आलं असतं. ड्रेन-प्लगच्या लोहचुंबकावर काजळीसारखी बारीक भुकटी, जी जुन्या गिअरला असायचीच. धातूचे कपचे नाहीत. म्हणजे गिअरबॉक्स स्वतः सांगत होता, मी बरा आहे. तरी बेअरिंगं बदलली, सील बदलले, प्लेटीसुद्धा "आता खोललाच हा तर" म्हणून बदलल्या. बिलाचा आकडा इथे लिहीत नाही, घरची माणसं वाचतात.

बोट पाण्यात. इंजिन चालू. खडखड तशीच. फॉरवर्ड टाकला. घरघर तशीच.

यावर मिस्त्री काय म्हणाला माहीत आहे? "जुनी बोट हा, आवाज येतलोच." अरे मग प्लेटींचे पैसे कशाचे घेतलेस?

आता डोक्यात तिडीक जाते ती याची, की हे ओळखायला अर्धा तास पुरतो. बोट जेटीला नीट बांधायची. शाफ्ट मागे सरकणार नाही असा अडकवायचा. कपलिंगचे सहा बोल्ट काढायचे आणि गिअरबॉक्स शाफ्टपासून सोडवायचा. मग इंजिन चालू करून फॉरवर्ड टाकायचा. आवाज राहिला तर दोष पुढे, इंजिन-गिअरबॉक्सकडे; गेला तर संशय आधी मागच्यावर: शाफ्ट, त्याचं बेअरिंग, पंखा, अलाइनमेंट, म्हणजे गिअरबॉक्स आणि शाफ्ट एका रेषेत आहेत की नाहीत. सहा बोल्ट! एवढं करायला एकही तज्ज्ञ खाली उतरला नाही. शेवटी मी आणि आमची बोट हाकणाऱ्या तांडेलने केलं. घरघर गायब. आणि न्यूट्रलची खडखड? ती शाफ्ट सुटलेला असतानाही जशीच्या तशी, म्हणजे तिचा मागच्या बाजूशी संबंधच नाही.

घरघरीचं कारण तर संतापजनकच आहे. याच मिस्त्रीने मागे कपलिंगची अलाइनमेंट केली होती, बोट जमिनीवर असताना. लाकडी बोट आहे ती! टेकूवर उभी असताना तिचा आकार एक, पाण्यात बसली, बर्फ-डिझेल भरलं की दुसरा. अलाइनमेंट पाण्यातच तपासायची असते. आणि तपासली कशाने, तर हॅक्सॉ ब्लेडने. कपलिंगच्या दोन फ्लँजच्या, म्हणजे समोरासमोर बसणाऱ्या तबकड्यांच्या, फटीत ब्लेड घालून चारी बाजूंना फिरवलं, "बरोबर हा" म्हणून मोकळा. सहा इंची फ्लँजला एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत फटीत फरक चालतो तो साधारण 0.15 मिलिमीटर. ब्लेडची जाडीच अर्ध्या मिलिमीटरच्या वर. फट मोजायच्या पातळ पात्यांचं फिलर गेज काही सोन्याचं मिळत नाही रे! आम्ही फिलर घातला तर खालची फट वरच्यापेक्षा कितीतरी जास्त. तशाच वाकड्या जोडणीवर तो शाफ्ट बिचारा आख्खा मोसम फिरत होता.

आणि खडखड? फ्लायव्हील आणि गिअरबॉक्सच्या मध्ये रबराचे ठोकळे असतात. इंजिनचे धक्के गिअरच्या दातांपर्यंत पोचू नयेत म्हणून. मंद इंजिनला धक्के मोठे, न्यूट्रलला दातांवर भार नाही, मग दात एकमेकांवर मागेपुढे आपटतात. वेग वाढला की धक्के एकमेकांत मिसळून सलग होतात, आवाज बंद. ते रबर डिझेल पिऊन आणि म्हातारं होऊन दगडासारखं कडक झालं होतं. नखाने दाबून बघितलं, नखच वाकलं. गिअरबॉक्स एकदा उतरवून पुन्हा चढवला तेव्हा हे ठोकळे मिस्त्रीच्या नाकासमोर होते. बेअरिंग बदललं, सील बदलला, जे बदलायचं तेच तेवढं जुनं लावून ठेवलं!

म्हणजे गिअर परत मागे सरकवायचा. परत चेन-ब्लॉक. शेजारच्या बोटी सुंगटं, म्हणजे कोळंबी, भरभरून आणतायत आणि आमची जेटीला बांधून.

ठोकळे मालवणात नाहीत. रत्नागिरीला फोन केला. दुकानदाराला मॉडेल सांगितलं, पाटीवरचा नंबर वाचून दाखवला, फोटो पाठवला, लांबी-रुंदी पट्टी लावून पाठवली. "ओके साहेब, हेच आपल्याकडे आहे." पार्सल आज एसटीने आलं. उघडलं. दोन मिलिमीटर मोठे. परत फोन लावला तर म्हणतो कसा, "थोडं कानशीने घासून बसवा ना, सगळे तसंच करतात."