सिराजची षटकं आणि तेरा वर्षांची पाठ

ऑगस्ट २०२५ मध्ये इंग्लंडविरुद्धची लंडनच्या ओव्हलची कसोटी आपण ६ धावांनी जिंकली आणि गावसकर म्हणाले, वर्कलोड (बोलरवर पडणारा षटकांचा भार) हा शब्द भारतीय क्रिकेटच्या शब्दकोशातून जायला हवा. ते बोलले मोठ्या खेळाडूंबद्दल. आमच्या पुण्याच्या फॅमिली ग्रुपवर मात्र त्याचा फटका बारा-तेरा वर्षांच्या पुतण्याला बसला. पोरगं फास्ट टाकतं. कंबर दुखते म्हणालं, तर दादा म्हणतो, "सिराजने मालिकेत १८५ षटकं टाकली, तुला नेटमध्ये दोन तास जड होतात?"

अरे दादा, सिराज तेव्हा ३१ वर्षांचा होता. पोराच्या वयात मणक्याचं हाड अजून पक्कं झालेलं नसतं. बॉल टाकताना कंबर मागे वाकते, पिळली जाते, पुढचा पाय आपटला की सगळा भार खालच्या मणक्यांवर. रोज तेच झालं की बारीक तडा जातो, बहुतेकदा बोलिंगच्या हाताच्या उलट बाजूला. ऑस्ट्रेलियाचा फास्ट बोलर पॅट कमिन्स २०११ साली, अठराव्या वर्षी, पहिल्याच कसोटीत सामनावीर ठरला. दुसरी कसोटी खेळला थेट २०१७ मध्ये, रांचीला. मधली बरीचशी वर्षं पाठदुखीने खाल्ली. हे ग्रुपवर टाकलं, तर उत्तर आलं: "तुम्ही तिकडे पोरांना कापसात ठेवता."

ठेवतो. इथे इंग्लंडमध्ये तेरा वर्षांखालच्या फास्ट बोलरला एका स्पेलमध्ये, म्हणजे एका दमात, जास्तीत जास्त ५ षटकं. षटकं मोजायची वही माझ्याकडे असते आणि सहाव्यासाठी हुज्जत घालणारे बाप मी परत पाठवलेत. त्यात आपलेच जास्त. (जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, चिठ्ठी दिल्यावर फिजिओची तारीख मिळेपर्यंत सीझन संपतो, हे मी ग्रुपवर लिहीत नाही.)

पाठ मजबूत करायला व्यायाम हवा म्हटलं, की वहिनीचं पालुपद: जिमने उंची खुंटते. नीट शिकवणारा समोर असेल तर नाही खुंटत, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही हेच सांगते. तालमीत दहा वर्षांचं पोर जोर-बैठका काढतं तेव्हा कुणाला उंची आठवत नाही, डंबेल दिसलं की आठवते! आधी स्वतःच्या अंगाचं वजन, मग हलकी वजनं, आणि कोण जास्त उचलतो याची पैज अजिबात नको. पण हे सगळं पाठ बरी झाल्यावर. आत्ता बॉल बंद.

दादाने शेवटी वर्मावर बोट ठेवलं. "ओव्हलला 'अजून एक टाक' म्हणून तूच बोंबलत होतास ना?"

होतो. घसा बसेपर्यंत. शेजारी माझा मुलगा इंग्लंडचा टी-शर्ट घालून तोंड पाडून बसला होता आणि मला तिथे पुतण्या हवा होता. बायकोलाही हे बोललो नाहीये. वीस वर्षं इथे कर भरून माझा आनंद वाटून घ्यायला पुण्याचं पोर लागतं, म्हणून त्याच्या पाठीत मी नाक खुपसतो.

माझं तिकीट डिसेंबरचं आहे. दादा, तोवर थांबू नकोस. मागे वाकताना दुखतं का, पोराला आजच विचार. आणि दुखत असेल तर स्पोर्ट्स डॉक्टरकडे ने, मालिशवाल्याकडे नको.