'पॉश' शब्द मुंबईच्या बोटीतून आलेला नाही!

सोसायटीच्या ग्रुपवर परत तेच फॉरवर्ड फिरतंय, की विलायतेहून मुंबईला येणारे श्रीमंत साहेब येताना बोटीच्या डाव्या बाजूची अन् जाताना उजव्या बाजूची केबिन घ्यायचे, तिकिटावर पी-ओ-एस-एच ('पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम', पोर्ट म्हणजे बोटीची डावी बाजू, स्टारबोर्ड म्हणजे उजवी) शिक्का असायचा आणि त्यातनं 'पॉश' आला. स्टोरी झकास, पण थाप आहे. उन्हाचं गणित बरोबर आहे हां, येताना डावी बाजू उत्तरेला म्हणून सावलीत. पण या बोटी चालवणाऱ्या पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीचं तसलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. शिवाय ही कथा छापून आली १९३५च्या सुमारास, शब्द त्याच्या आधीचा! १८९०च्या स्लँग डिक्शनरीत 'पॉश' म्हणजे पैसे, आणि छानछोकी माणूससुद्धा. पैशांचा अर्थ बहुतेक रोमानी म्हणजे युरोपातल्या जिप्सींच्या भाषेतला, तिथे पॉश म्हणजे अर्धा, म्हणून अर्धा पेनी, म्हणजे चक्क चिल्लर.